वादळ, लाईट आणि बोर्ड: आम्हाला सारखे येणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं आणि तेव्हापासून गावात लाईटबद्दल कोणाला काहीही विचारायचं असलं की तो फोन माझ्याकडे येतो. मी इंजिनीअर नाही, रायगडच्या किनाऱ्यावर वाडी असलेला माणूस आहे, पण त्या दिवसांत ग्रामपंचायत आणि लाईट ऑफिसच्या मध्ये चिठ्ठ्या पोचवायचं काम अंगावर पडलं आणि ते अजून सुटलेलं नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या लोकांचेही तेच प्रश्न, त्याच शब्दांत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. वीज मंडळ (इलेक्ट्रिसिटी बोर्ड) मोडून २००५ मध्ये महावितरण कंपनी झाली पण आमच्याकडे अजून सगळे बोर्डच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

१. वादळ दोन-तीन तासांत गेलं, मग लाईट यायला दोन-तीन आठवडे कसे लागतात?

कारण लाईट म्हणजे एक तार नाही, साखळी आहे. मोठ्या उपकेंद्रातून ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) लाईन छोट्या उपकेंद्रात येते, तिथून ११ केव्हीचे फीडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाईनी निघतात, फीडरवरून गावातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), डीपीवरून चार तारांची एलटी, म्हणजे कमी दाबाची लाईन आणि शेवटी सर्व्हिस वायरने तुमचा मीटर. वरची कडी तुटलेली असताना खालची जोडून उपयोग नसतो. निसर्गच्या वेळी ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा होता आणि नारळी-पोफळीच्या बागा लाईनीवर आडव्या झाल्या. आधी रस्त्यावरची झाडं कापायची, मग गाडी आत जाणार, मग खांब येणार. सिमेंटचा एक खांब तीन-चारशे किलोचा, पाखाडीतून तो खांद्यावरच न्यायचा, आणि खड्डा मारायचा तो जांभ्यात. वर लॉकडाऊन चालू, ठेकेदाराची माणसं आपापल्या गावी गेलेली, हार्डवेअरची दुकानं बंद आणि आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू. हे ऐकून राग जात नाही हे मला माहितीये, माझाही गेला नव्हता, पण निदान कशावर रागवायचं ते कळतं.

२. शेजारच्या वाडीत लाईट आली आणि आमच्याकडे नाही, हा काय प्रकार?

दहातल्या नऊ वेळा उत्तर एकच, तुमची डीपी वेगळी आहे किंवा फीडरच वेगळा आहे. मध्ये नुसता ओढा असला तरी पलीकडची लाईन दुसऱ्या उपकेंद्रावरून आलेली असू शकते. अजून एक म्हणजे कमी खांब पडलेला भाग आधी चालू करतात कारण थोड्या कामात जास्त घरं उजळतात, आणि रानात एका टोकाला असलेली चार घरांची वाडी शेवटी राहते. हिशोब म्हणून बरोबर आहे, त्या चार घरांत म्हातारी माणसं असतील तर मात्र तो हिशोब कोणीतरी बोर्डाला सांगावा लागतो. आपली डीपी कोणती आणि फीडरचं नाव काय एवढं प्रत्येकाने वादळाच्या आधीच विचारून ठेवा, निम्मी भांडणं तिथेच संपतात.

३. रोज "उद्या येईल" सांगतात. सरळ खोटं का बोलतात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते लोक आणि बोर्ड यांच्यात जे काही बिघडतं ते इथे बिघडतं, उशिरामुळे नाही.

बहुतेक वेळा ते खोटं नसतं. वायरमनला त्याच्या एलटीचं दिसतं, वर ३३ केव्हीवर काय चाललंय ते त्याला माहीतच नसतं, तो म्हणतो माझं काम उद्या होतंय आणि आपण ऐकतो लाईट उद्या येतेय. बोर्डाच्या साहेबांवर वरून दबाव, तेही आशेवर बोलतात. कधी काम खरंच पूर्ण होतं, लाईन चार्ज करतात (करंट सोडतात) आणि कुठेतरी फांदी टेकलेली असते, लगेच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, की परत पूर्ण लाईन चालत बघायची. पण घरात बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही, त्याला एवढंच दिसतं की काल सांगितलेलं आज झालं नाही. तीन वेळा असं झालं की चौथ्या वेळी खरं सांगितलं तरी कोणी ऐकत नाही.

आमच्याकडे हे सुटलं ते एका तरुण साहेबामुळे, बाहेरून आलेला होता. त्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज संध्याकाळी तीन ओळी लिहायला सुरुवात केली, आज किती खांब उभे केले, किती बाकी, आणि तिसरी ओळ बहुतेक रोज एकच, "उद्या लाईट येणार नाही". पहिल्या दिवशी लोक भडकले, चौथ्या दिवशी सहा वाजता फळ्यापाशी गर्दी व्हायला लागली, लोक बाकीचा आकडा कमी होताना बघायला यायचे. मोबाईल चार्ज करायला दुसऱ्या गावात जायचं की नाही, बर्फ आणायचा की मासे सुकवायचे, आजीचं इन्सुलिन कोणाकडे ठेवायचं, हे सगळं त्या तिसऱ्या ओळीवर ठरायचं. माणूस अंधारात राहू शकतो हो, नक्की काय ते माहीत असलं की.

त्यामुळे तुम्ही "कधी येणार" विचारूच नका. विचारा की आत्ता कोणती लाईन बंद आहे, किती खांब बाकी आहेत, आणि पुढची बातमी किती वाजता देणार. याची उत्तरं समोरच्याला खरी देता येतात.

४. तक्रार नोंदवायची कुठे? आणि मोबाईलला रेंजच नसेल तर?

रेंज असेल तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५, दोन्ही फुकट. महावितरणच्या मोबाईल ॲपवरूनही होते. ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, तो बिलावरून बघून घराच्या दाराच्या आत लिहून ठेवा, वादळात बिल शोधत बसू नका. तक्रारीचा नंबर मिळतो तो जपून ठेवा, पुढे भरपाईच्या वेळी (प्रश्न १६) तोच पुरावा.

पण मोठ्या वादळात टॉवरही बंद पडतात, त्यांनाही लाईटच लागते. तेव्हा कागदच कामाला येतो. वाडीतल्या एकाने फिरून यादी करायची, कुठला खांब पडलाय, कुठला वाकलाय, तार कुठे जमिनीवर आहे, डीपी सरळ आहे की तिरकी, आणि ती यादी दुधाच्या गाडीबरोबर किंवा बाईकवरून शाखा कार्यालयात. एका वाडीची एकच यादी, एकच माणूस. पन्नास जणांनी येऊन "आमच्याकडे लाईट नाही" सांगितलं तर त्यातून साहेबाला काहीही कळत नाही, सगळीकडेच नाहीये.

५. पुढाऱ्याच्या आणि रिसॉर्टवाल्याच्या घरी आधी लाईट येते, हे खरं का?

कधी कधी खरं आहे, उगाच झाकायचं कशाला. पण दरवेळी नाही. सरकारी दवाखाना, पाणीपुरवठ्याचा पंप, मोबाईल टॉवर, पोलीस ठाणं ज्या फीडरवर असतं तो फीडर आधी उचलतात आणि त्याच रस्त्याला पुढाऱ्याचा बंगला असतो, कारण बंगले गावाच्या मोक्याच्या जागीच असतात. रिसॉर्टकडे बऱ्याचदा स्वतःचा जनरेटर चालू असतो आणि लांबून आपल्याला वाटतं लाईट आली. उरलेल्या वेळी वरून फोन गेलेला असतो.

ओळखायचं कसं? क्रमाची यादी मागा, कोणता फीडर आधी, कोणता नंतर आणि का. पहिल्याच दिवशी ती फळ्यावर लागली की मग कोणी मध्ये घुसलं तर सगळ्यांना दिसतं, फोन करणाऱ्यालाही लाज वाटते. साहेब लोकांनाही ती यादी हवी असते, दबाव आला की दाखवायला होते. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

६. आमचा वायरमन फोनच उचलत नाही.

एका वायरमनकडे अनेक गावं असतात, त्याला दिवसाला शेकड्यांनी फोन येतात आणि तो खांबावर असतो. खांबावर चढलेल्या माणसाने फोन उचलू नये अशीच आपली इच्छा पाहिजे. आणि तो इथलाच असतो. निसर्गमध्ये आमच्या वायरमनच्या घराचे पत्रे उडाले होते, ते त्याने किती दिवसांनी घातले ते मला विचारा, तोपर्यंत बायको-मुलं शाळेत झोपत होती. अंगावर धावून जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल होतो तो होतोच, वर एक दिवस सगळं काम बंद पडतं. फोनऐवजी यादी (प्रश्न ४).

७. बाहेरून टीम आल्यात. आम्ही गावकरी हात लावू शकतो का?

हो, पण जमिनीवर. दोन्ही वादळांत घाटावरून टीम आल्या होत्या, त्यांना काम येतं पण वाट माहीत नसते. कुठल्या आमराईतून लाईन जाते, बांध कुठे आहे, गाडी कुठपर्यंत जाईल हे दाखवायला एक पोरगा पूर्ण दिवस त्यांच्याबरोबर द्या. झाडं कापणं, फांद्या ओढणं, खड्डे, खांब वाहणं हे सगळं गावाने करता येतं. राहायला शाळा, जेवायला भात-आमटी, मासे असतील तर मासे. घाटावरच्या पोरांना सोलकढी पहिल्या दिवशी जमत नाही, दुसऱ्या दिवशी मागून घेतात.

खांबावर चढणं, तार जोडणं, डीपीचे फ्यूज घालणं याला हात लावायचा नाही, तुमच्यात आयटीआय झालेला असला तरी नाही. लाईन बंद आहे ही खात्री फक्त ज्याने परमिट (लाईन बंद करून काम करायची परवानगी) घेतलंय त्यालाच असते.

८. लवकर काम करतो म्हणून पैसे मागतात. वाडीत वर्गणी काढायची का?

नाही. मीटरपर्यंतचे खांब, तारा, डीपी बोर्डाचं, मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं. ठेकेदाराला त्या कामाचे पैसे बोर्ड देतं. चहा-जेवण आपण माणुसकीने देतो ते वेगळं, प्रत्येक घरामागे पाचशे ही वेगळी गोष्ट आहे. एकदा वर्गणी निघाली की न देणारी वाडी मागे पडते आणि मग गावातल्या गावातच संशय सुरू होतो, हे नुकसान लाईट आल्यावरही राहतं. कोणी अडूनच बसला तर लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४.

अडचण येते ती सर्व्हिस वायरची. "स्टोअरला वायर नाही, तुम्ही आणा, लगेच जोडतो" असं सांगतात आणि लोक आणतातही, अंधारात कोण वाद घालणार. आणलीत तर दुकानाचं पक्कं बिल घ्या आणि शाखा कार्यालयाला एक अर्ज देऊन पोच घ्या की वायर आम्ही आणली. परत पैसे मिळतीलच असं नाही, पण बोलायला कागद राहतो.

९. जनरेटर आणलाय. घरातल्या प्लगमध्ये उलटी वायर घालून पूर्ण घर चालवलं तर चालेल?

नाही नाही नाही.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर प्लगला जोडला की करंट घरात फिरतो तसाच मीटरमधून बाहेर लाईनीवरही जातो. तिथून डीपीत. डीपी ११ हजाराचे २३० करते हे सगळ्यांना माहितीये, पण ती उलटीही चालते, तुमच्या २३० चे ११ हजार करून फीडरवर पाठवते. दोन किलोमीटरवर बंद लाईन समजून तारेला हात लावणारा माणूस त्यात जाऊ शकतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या वाडीच्या पाण्याच्या पंपाला लग्नातल्या डेकोरेशनवाल्याचा जनरेटर आम्हीच असा जोडला होता, वायर मीच धरली होती. नशीब हे की त्या दिवशी चढणारा वायरमन जुना होता, चढायच्या आधी त्याने नियमाप्रमाणे लाईन शॉर्ट केली, धाडकन आवाज झाला आणि आमचा जनरेटर बंद पडला. तो काही बोलला नाही, बांधावर बसून पाणी प्यायला, मग आमच्याकडे आला आणि वायर काढून घेऊन गेला. बोर्डाने विश्वास कमवावा असं आपण म्हणतो ना, ते बरोबरच आहे, पण खांबावरचा माणूसही आपल्या पूर्ण वाडीवर विश्वास ठेवूनच चढलेला असतो.

बरोबर पद्धत म्हणजे चेंजओव्हर स्विच, एका वेळी एकच बाजू, लाईन नाहीतर जनरेटर. तो नसेल तर फ्रीज, पंप, चार्जर थेट जनरेटरला जोडा, घराच्या वायरिंगला नाही. आणि जनरेटर चालू असल्याचं वायरमनला आधी सांगा.

१०. माझ्या छतावर सोलर आहे. ऊन पडलंय तरी घरात अंधार का? फसवलं का मला?

फसवलं नाही, विकताना सांगितलं नाही एवढंच. नेट मीटरिंगचं, म्हणजे बोर्डाच्या लाईनीला जोडलेलं सोलर ती लाईन गेली की मुद्दाम स्वतःला बंद करतं, कारण तसं नाही केलं तर प्रश्न ९ मधला धोका तुमच्या छतावरून होईल. वादळात चालायला पाहिजे असेल तर बॅटरीवालं, हायब्रीड इन्व्हर्टरचं घ्यावं लागतं, महाग पडतं.

११. तार अंगणात पडलीय. लाईट तर नाहीच, मग उचलून बाजूला ठेवली तर?

लाईट नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या घरात नाही, तारेत आहे की नाही ते माहीत नाही, आणि कोणाचा जनरेटर चालू असेल तर (प्रश्न ९) दुपारी नसलेला करंट संध्याकाळी असतो. हात नाही, काठी नाही, ओल्या अंगणात जवळही नाही. पोरं आणि गुरं लांब, दोरी बांधून ठेवा आणि यादीत हे सगळ्यात वर लिहा.

गाय-बैल शॉक लागून दगावला तर लगेच पुरू नका. बोर्डाला कळवा, पंचनामा करा, पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या, त्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. माणसाचा अपघात झाला तर विद्युत निरीक्षक चौकशी करतात, ते सरकारचे असतात, बोर्डाचे नाहीत, त्यांच्यासमोर जे पाहिलं ते स्पष्ट सांगा.

१२. बोर्डवाले आमची कलमं छाटतात, नारळ तोडतात. नाही म्हणता येतं का? पैसे मिळतात का?

इथे लोकांचा राग समजण्यासारखा आहे, नारळ लावून फळ धरेपर्यंत किती वर्षं जातात ते लावणाऱ्यालाच माहीत आणि कंत्राटी पोरं येऊन दोन मिनिटांत कोयता मारतात. पण वादळात खांब पडतात ते बऱ्याचदा वाऱ्याने नाही, अंगावर झाड पडल्याने, हेही तितकंच खरं.

कायद्यात (वीज कायदा २००३, कलम ६८) याचं उत्तर आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. लाईनीला अडथळा करणारं झाड कार्यकारी दंडाधिकारी काढायला लावू शकतात. मात्र झाड आधीचं आणि लाईन नंतरची असेल तर झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई ठरवून द्यायची तरतूद आहे. लाईन आधीची आणि त्याखाली झाड तुम्ही लावलं असेल तर नाही. म्हणून बागेतल्या जुन्या झाडांचे फोटो, सातबाऱ्यावरची नोंद सांभाळा.

कायद्यापेक्षा चांगलं चालतं ते म्हणजे एप्रिल-मे मध्ये मालक समोर असताना छाटणी. मालक स्वतः सांगतो ही फांदी घ्या, ही ठेवा. वादळाने पडलेल्या बागेची भरपाई हा वेगळा विषय, ती तलाठ्याच्या पंचनाम्यावर महसूल खात्याकडून येते, बोर्डाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही अर्ज एकाच ऑफिसात देणारे दरवर्षी भेटतात.

१३. पडलेला खांब आता माझ्या जागेत परत नको. अडवू शकतो का?

त्याच जागी तोच खांब उभा करणं म्हणजे दुरुस्ती, ती अडवून तुमचं काही साधत नाही, मागच्या वीस घरांची लाईट अडते आणि ती घरं तुमच्या चुलत्याचीच असतात. जागा बदलून नवीन ठिकाणी टाकत असतील तर मात्र मालकाची संमती लागते, नाही दिली तर विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मधला रस्ता असा की आत्ता उभा करू द्या आणि त्याच दिवशी खांब हलवायचा लेखी अर्ज देऊन ठेवा. हलवायचा खर्च कोणाचा हा वाद नंतर उजेडात बसून घालता येतो.

१४. अर्धा महिना लाईटच नव्हती, तरी बिल आलं. कशाचं?

बिलात दोन गोष्टी असतात, युनिटचे पैसे आणि स्थिर आकार. स्थिर आकार जोडणी आहे म्हणून लागतो, तो माफ करायचा की नाही हे वीज नियामक आयोग आणि सरकारच्या हातात, काउंटरवरच्या बाईंवर ओरडून उपयोग नाही.

युनिट मात्र बघा. रीडिंग घेणारा पोचला नाही की सरासरीने बिल काढतात. २०२० मध्ये मार्चपासून रीडिंग बंद होतं, सरासरी बिलं गेली, आणि जूनमध्ये साठलेल्या महिन्यांचं एकदम आलं, त्याच जूनमध्ये आमच्याकडे खांब आडवे. सगळ्या महाराष्ट्रात त्या बिलांवरून बोंब झाली, पण अंधारात बसून ते बिल मेणबत्तीवर वाचणं ही खास आमच्या भागाची मजा. तेव्हा हप्ते करून दिले होते आणि युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदाही दिला होता, पण ते समजावून सांगेपर्यंत लोकांचं मन उडालं होतं.

तुम्ही करायचं ते सोपं आहे. लाईट गेली त्या दिवशी आणि आली त्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर दिसेल असा. रीडिंग ॲपवरूनही पाठवता येतं. सरासरी बिल जास्त आलं तर पुढच्या खऱ्या रीडिंगला वळतं होतं, नाही झालं तर फोटो लावून अर्ज.

१५. बिल चुकीचं आहे म्हणून भरलं नाही तर कापतील का?

थकबाकीसाठी कापायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. आणि वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये एक सोय आहे, वादातलं बिल "निषेध नोंदवून" भरायचं, मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, जी कमी असेल ती. एवढं भरलं की वाद मिटेपर्यंत कापता येत नाही. अर्जावर "निषेध नोंदवून" हे शब्द लिहाच, नुसते कमी पैसे भरले तर ती थकबाकीच दिसते. पूर्ण गावाने बिलं न भरण्याचा ठराव करतात तो मला पटत नाही, ठराव सगळ्यांचा असतो पण वायर एकेकाची कापली जाते.

१६. इतके दिवस अंधारात ठेवलं त्याची भरपाई मिळते का?

नेहमीच्या दिवसांत बिघाड ठरलेल्या तासांत दुरुस्त झाला नाही तर भरपाईची तरतूद आहे, नियामक आयोगाचे "कृतीची मानकं" या नावाचे नियम आहेत. चक्रीवादळ, पूर असल्या आपत्तीत मात्र त्यातून सूट असते. म्हणजे निसर्गसारख्या वेळी पहिल्या अंधाराचे पैसे मागून मिळणार नाहीत, कोणी मिळवून देतो म्हणत असेल तर लांब राहा.

पण ही सूट कायमची नाही असं माझं म्हणणं आहे आणि तक्रार करताना तसंच लिहावं. एकदा तुमची लाईट सुरू झाली आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी डीपी उडाली तर तो नवा बिघाड, त्याला "वादळामुळे" हे उत्तर चालू नये. म्हणून लाईट आल्याची तारीख आणि प्रत्येक नवीन तक्रारीचा नंबर वेगळा ठेवा.

ऐकलं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला आहेत. मंचाकडे दोन वर्षांच्या आत जायचं. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, तारखा आणि कागद नीट असले की झालं.

१७. लाईट आली ती इतकी जोरात की टीव्ही, फ्रीज जळाले.

बहुतेक न्यूट्रल (चार तारांतली करंट परत नेणारी तार) तुटलेला किंवा चुकीचा जोडलेला असतो, मग २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट घरात येतात. एकाच डीपीवरच्या पाच-सहा घरांत एकाच वेळी झालं असेल तर ते तुमच्या वायरिंगचं नाही हे उघड आहे. सगळ्यांनी मिळून एक अर्ज द्या, मेकॅनिककडून काय जळलं ते लिहून घ्या, जळलेला भाग टाकू नका. मंच थेट नुकसानीचा विचार करू शकतो, पण "दुकान चार दिवस बंद राहिलं, धंदा बुडाला" याचे पैसे तिथे मिळत नाहीत. एकच प्रकरण ग्राहक आयोगात आणि मंचात दोन्हीकडे घालू नका, मंच घेत नाही.

यावरचा उपाय त्याहून स्वस्त आहे. लाईट येणार असं कळलं की मेन स्विच बंद ठेवा, आल्यावर आधी एक बल्ब लावून बघा. फार प्रखर किंवा फार मंद असेल तर बाकी काही लावू नका आणि कळवा.

१८. आम्ही ठाण्यात, गावचं घर बंद. आमचं कोण बघणार?

चाकरमान्यांचा हा प्रश्न गणपतीच्या आठवडाभर आधी येतो, तो जूनमध्ये यायला पाहिजे. बंद घराची तुटलेली सर्व्हिस वायर कोणाच्या यादीत नसते, मेन स्विच चालू राहिलेला असतो, आणि वायरमन बंद आवारात शिरत नाही, शिरला तर परत तुम्हीच विचाराल कोणाला विचारून. शेजारी किंवा भाऊबंदांपैकी एकाला किल्ली, मेन स्विचची जागा आणि ग्राहक क्रमांक देऊन ठेवा आणि वाडीच्या यादीत स्वतःचं घर घालायला सांगा. आपला मोबाईल नंबर बोर्डाकडे नोंदवला तर मेसेज मुंबईतच काय, दुबईतही येतो. एकाला मस्कतमध्ये बसून आधी कळलं आणि त्याने गावाला फोन करून सांगितलं की आज तुमची लाईट दिवसभर बंद राहणार.

१९. सगळं अंडरग्राउंड का करत नाहीत? कटकटच जाईल.

किनाऱ्याच्या काही शहरांत सुरू झालंय, अलिबागला राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून भूमिगत केबलचं काम हाती घेतलं गेलं, जागतिक बँकेच्या कर्जातून. पण खर्च उघड्या लाईनीच्या कितीतरी पट आणि आमच्याकडे घरं विखुरलेली, एका घरासाठी अर्धा किलोमीटर जांभा फोडायचा. शिवाय केबलचा फॉल्ट डोळ्यांना दिसत नाही, शोधायला मशीन आणावं लागतं. बाजारपेठ, दवाखाना, उपकेंद्राकडून येणारी मुख्य लाईन एवढं भूमिगत मागा, ते मागण्यासारखं आहे.

२०. बोर्डाच्या साहेबांना ग्रामसभेला बोलावलं तर भांडणच होतं. बोलावायचं तरी कशाला?

वादळानंतर बोलावलं तर भांडणच होणार. मे च्या पहिल्या पंधरवड्यात बोलवा, साहेब नाही आले तर वायरमनला तरी, आणि विषय तीनच ठेवा. वाकलेले खांब कुठे आहेत ते चालत जाऊन दाखवणं, छाटणीच्या तारखा (प्रश्न १२), आणि मोठं वादळ आलं तर वाडीचा माणूस कोण व त्यांचा माणूस कोण. बिलाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, कोणी काढलाच तर त्याला चहा आणायला पाठवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी नऊ जण आले होते. तौक्तेची बातमी आली तेव्हा त्याच नऊ जणांनी यादी केली आणि साहेबांनी यादी घेऊन खुर्ची दिली.

२१. पेपरात आलं "शंभर टक्के वीजपुरवठा सुरळीत". माझ्या घरात अजून अंधार आहे. मग मी कुठे राहतो?

तुम्ही ज्या रकान्यात मोजलं जात नाही तिथे राहता. आकडा बऱ्याचदा गावांचा किंवा फीडरचा असतो. गावातली एक डीपी चालू झाली की गाव चालू, त्या गावातल्या दोन वाड्या आणि सुटी सहा घरं बंद असली तरी. बातमी देणाऱ्याच्या दृष्टीने ती खोटी नसते आणि तुमच्यासाठी ती थोबाडीत मारल्यासारखी असते. याच बातमीनंतर बाहेरच्या टीम परत जातात, म्हणून वेळ घालवू नका.

त्याच दिवशी उरलेल्या घरांची नावं आणि ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहा, "खालील ग्राहकांचा पुरवठा अजून बंद आहे" एवढीच एक ओळ, राग नको, टोमणे नकोत. सरपंचांची सही घ्या, शाखा कार्यालयात पोच घ्या आणि एक प्रत उपविभागाच्या साहेबांना. आधीच्या तक्रारी असतील तर त्यांचे नंबर त्याच कागदावर. मग शंभर टक्के म्हणणाऱ्याला त्या सहा नावांवर एक एक करून टिक करावी लागते. आमच्या अशा कागदावर शेवटची टिक झाली ती मळ्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंच्या घराची, लाईट आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं तर वायरमनला बसवून ठेवलं आणि मिक्सर चालतो का बघितलं.